बसून राहणारे साळवेकाका

साळवेकाकांइतका आळशी माणूस अख्ख्या नेताजी नगरात सापडायचा नाही, असं आमच्या दादाचं ठाम मत होतं. उन्हाळ्यात दर रविवारी संध्याकाळी काका आम्हाला इंडिया गेटला न्यायचे. हिरवळीवर सतरंजी पसरली की जे मांडी ठोकून बसायचे, ते दिवे लागून बराच वेळ झाला तरी उठायचे नाहीत. बरं, स्वतः बसावं, तर आम्हालाही उठू द्यायचे नाहीत. "उठला तो बाद!" हा त्यांचा नियम. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "अरे, सहा दिवस काम करून सातव्या दिवशी देवबापासुद्धा बसला. तू काय त्याच्याहून मोठा लागून गेलास?"

साळवे मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. काका माझ्या वडिलांच्याच सरकारी खात्यात होते आणि त्यांचं क्वार्टर आमच्या समोर होतं. मे महिना लागला की कॉलनीतली मराठी बिऱ्हाडं ट्रंका आवरून गावाकडे निघायची. मागे उरायचो आम्ही आणि साळवे. आम्ही, कारण वडिलांना त्या दिवसांत कधी रजा मिळायची नाही. आणि साळवे, कारण आगगाडीचा एवढा लांबचा प्रवास त्यांच्या मंजूला सोसला नसता.

मंजू माझ्याच वयाची. तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. जिन्याच्या चार पायऱ्या चढली तरी तिचे ओठ निळे पडायचे. ऑपरेशन करायचं, पण आधी अंगात थोडी ताकद येऊ द्या, वजन वाढू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादाने एकदा काकांच्या आळशीपणाची नक्कल केली, तेव्हा आईने आम्हा दोघांना स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं. "तो नियम मंजूसाठी आहे, कळलं? तुम्ही पळणार आणि ती एकटी बघत बसणार, हे साळवेभाऊजींना बघवत नाही. आणि आपल्यामुळे सगळे बसलेत हे तिला कळलं, तर पोर झुरेल. खबरदार तोंड उघडलंत तर!"

त्या दिवसापासून आम्हीही मनापासून आळशी झालो. दादा शाळेत शंभर मीटरला पहिला येणारा मुलगा, पण रविवारी सतरंजीवर असा लोळायचा की बघणाऱ्याला वाटावं, याला उभं राहायला कुणी शिकवलंच नाही.

काकांचा आळस बसस्टॉपपासूनच सुरू व्हायचा. भरलेली बस आली की ते हातच दाखवायचे नाहीत. "उभं राहून जायला आपण काय पार्सल आहोत?" शेजारचे सरदारजी दारातल्या दांडीला लटकत ओरडायचे, "साळवेसाब, चलना नहीं है?" काका म्हणायचे, "चलेंगे यार, बैठके चलेंगे!" चांगल्या चार-पाच बस सोडल्यावर एखादी रिकामी मिळायची.

तिथे गेल्यावर खेळ तरी किती! बैठी कबड्डी, बैठी लगोरी. डोळे मिटून फेरीवाल्यांचे आवाज ओळखायचे. लांबून येणारा माणूस आधी शिंकेल की आधी पान थुंकेल यावर पैज लावायची. साळवेकाकू डब्यातून दशम्या आणि लसणाची चटणी काढायच्या. सुरईतलं गार पाणी, चिरलेलं खरबूज, आणि शेवटी कुल्फी. कुल्फीवालासुद्धा हाक मारली की आमच्या सतरंजीपर्यंत यायचा, त्याच्याकडे आम्ही कधी गेलो नाही. काका आपली अर्धी कुल्फी मंजूच्या काडीला लावायचे. "मला दात दुखतो, तू संपव." त्यांचा दात पूर्ण उन्हाळाभर दुखायचा.

"पप्पा, चींटी!" मंजू ओरडायची.

"मुंगी म्हण बेटा. नगरच्या आजीला चींटी कळायची नाही."

"अच्छा, मुंगी. पण पप्पा, मुंगीसुद्धा चालते. तुम्हीच चालत नाही."

काका खूश होऊन माझ्याकडे बघायचे. मंजूने त्यांना आळशी म्हटलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू ऑफिसात बढती मिळाली.

मंजू आणि मी बारा वर्षांच्या होतो त्या जूनमध्ये एका रविवारी आंधी आली. दिल्लीत ती कधी सांगून येत नाही. पश्चिमेकडे आभाळ पिवळं झालं, मग मातकट, आणि बघता बघता धुळीने समोरचं दिसेनासं झालं. डबे गडगडत गेले. लोक वाट फुटेल तिकडे धावू लागले. काकांनी मंजूला उचललं, तिचं तोंड आपल्या शर्टात दाबलं आणि ते पळाले. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या गेस्ट हाऊसच्या पोर्चखाली पोहोचेपर्यंत ते थांबले नाहीत. आम्ही धापा टाकत मागून पोहोचलो. दादा भान विसरून म्हणाला, "काका, तुम्ही तर मलाच मागे टाकलंत!"

 मंजू काकांच्या कडेवरून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. काका म्हणाले, "घाबरलो रे. आळशी माणूस घाबरला की पळतो." आणि लगेच तिथल्या पायरीवर बसून घेतलं.

थोड्या वेळाने मंजूने माझ्या कानाला तोंड लावलं. "पप्पा रोज सकाळी दुधाच्या बूथवर पळत जातात. मी खिडकीतून बघते ना. मला केव्हाचं माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"अगं, त्यांना किती मजा येते, यार! तू सांगू नकोस हं. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस दिलं. तेव्हा मला त्यात फार काही वाटलं नव्हतं. आज कळतं, बाप मुलीसाठी बसून राहिला होता आणि मुलगी बापासाठी.

त्या हिवाळ्यात मंजूला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. ऑपरेशनपर्यंत पोहोचलीच नाही. कब्रस्तानात अर्धी कॉलनी आली होती. पेटी लहान होती. काकांनी पुढून खांदा दिला होता, आणि ते अगदी ताठ, भरभर चालत होते. लोक म्हणाले, धीराचा माणूस, डोळ्याला पाणी नाही. मला मात्र त्यांची भीती वाटली होती.

पुढच्या सुट्टीतल्या पहिल्याच रविवारी काका दारात उभे राहिले, काखेत सतरंजी. "चला," एवढंच म्हणाले. आईने सुरई भरून दादाच्या हातात दिली. स्टॉपवर भरलेली बस आली आणि सवयीने आम्ही कुणीच पुढे झालो नाही. काकाही नाही. हिरवळीवर सतरंजी पसरली आणि सवयीनेच सगळे तिच्यावर बसलो. काकूंनी दशम्या काढल्या. 

काकांनी आमच्याकडे पाहिलं. "अरे, पळा की आता. कोणासाठी बसलाय?"

दादा उठला आणि जो पळत सुटला तो बराच वेळ परत आला नाही. मला उठवेना. काका गवताची काडी तोडत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "एक विचारू? तुझ्याशी ती सगळं बोलायची. तिला कधी कळलं होतं का गं?"

साळवेकाकांशी खोटं बोलायची माझी हिंमत कधीच झाली नव्हती.

"नाही काका," मी म्हणाले. "ती म्हणायची, अख्ख्या दिल्लीत माझ्या पप्पांसारखं आळशी कोणी नाही."

"असं म्हणायची?"

"नेहमी."

"मग जमलं म्हणायचं," काका म्हणाले, आणि मंजू गेल्यापासून पहिल्यांदाच ते आमच्यासमोर रडले.