दुपट्ट्याखालचा पगार

माझ्या मामाइतका किंमत झाकून ठेवणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मामा बैलबाजारातला दलाल. तिथं सौदा तोंडानं होत नाही. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा, आतल्या आत समोरच्याची बोटं दाबायची, एका बोटाचा एक हजार, आणि चेहरा मात्र सुतकाला आल्यासारखा ठेवायचा. बाजारापुरतं हे ठीक होतं, पण मामानं ते घरी आणलं. वांगी कशी दिली म्हणून मामीनं विचारलं, तरी हा तिचा हात दुपट्ट्याखाली ओढायचा. दवाखान्यात फी ठरवायला त्यानं डॉक्टरांची बोटं चाचपली, तेव्हा पेशंटच आपली नाडी पाहतोय असं वाटून ते घाबरले. "भाव चारचौघात बोलला का जनावर बी लाजते अन् मालक बी," असं तो म्हणायचा.

आमच्या घरानं मात्र न सांगितलेल्या किमतीपायी उपास काढले होते. बाबा डोणगावला आडतीवर पोती उचलायला जायचे. मजुरी किती, हे सकाळी मालक सांगत नसे आणि बाबा विचारत नसत. "समजून देऊ ना," म्हणायचा तो, आणि संध्याकाळी त्याला जेवढं समजे तेवढंच आमच्या चुलीवर शिजायचं. विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत, हे आईलाही माहीत होतं. म्हणून मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यातली पहिलीच, तेव्हा मनाशी पक्कं केलं की जिथं पगार लिहिलेला नाही तिथं अर्ज करायचा नाही.

पण मोबाईलवर बघावं तर 'आकर्षक वेतन', 'पात्रतेनुसार', 'मुलाखतीत सांगू'. आकडा असलेली जाहिरात दिसलीच तर ती मुंबईची, नाहीतर दांडगा अनुभव मागणारी. सोबतच्या मैत्रिणी एकेक करून कामाला लागल्या. मी फोन ठेवायची, उचलायची, अर्ज भरत आणून शेवटच्या बटणापाशी बंद करायची आणि अंगणात येरझाऱ्या घालायची. शेजारीच राहणारा मामा आमच्या ओट्यावर बसून, दावं तोडू पाहणारा गोऱ्हा बघावा तसा माझ्याकडे बघत असायचा.

एक दिवस देऊळगाव राजाच्या एका बियाणे कंपनीची जाहिरात आली. हिशेबाचं काम, अगदी माझ्याजोगं, आणि पगाराच्या जागी 'योग्य तो'. मी फोन पालथा ठेवला. काऊन म्हणून मामानं विचारलं. मी सांगितलं, तर तो हरखलाच. किंमत लिहून टाकणाऱ्यापाशी पुढं बोलण्यासारखं काही उरतच नाही, असं त्याचं म्हणणं. "झाकलं म्हंजे जागा हाय, पोरी. तू अर्ज टाक. सौदा मी करतो."

मी म्हटलं, बाबांनाही झाकूनच देत होते.

मामानं दुपट्टा खांद्यावर सारखा केला. "तुह्या बापानं कधी बोटच नाही हलवलं," म्हणाला.

त्या रागातच मी अर्ज केला.

मुलाखतीला मामा धुतलेला दुपट्टा घेऊन सोबत आला. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून मी आत गेले. साहेब पुण्याकडचे, बोलायला बरे. सगळं नीट झालं आणि मग त्यांनी विचारलं, पगाराची अपेक्षा किती? 'तुम्हीच समजून द्या' हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले. तेवढ्यात दार ढकलून मामा आत. नमस्कार करून त्यानं साहेबांच्या हातावर दुपट्टा टाकला. साहेबांना वाटलं सत्कार आहे. ते हसले, जरा वाकलेसुद्धा. मग मामानं आतून त्यांची बोटं धरली आणि त्यांनी झटक्यात हात ओढून घेतला.

बाजाराच्या कायद्यात हात ओढला म्हणजे संपलं. मामानं दुपट्टा उचलून झटकला. "चाल पोरी. सौदा तुटला."

मी उठले नाही. उघड्या दारात शिपाई आणि मुलाखतीला आलेली दोन पोरं उभी होती. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "साहेब, पगार आधी तुम्ही सांगा. मग मी माझं सांगते."

साहेबांनी आकडा सांगितला. मी त्याहून मोठा सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामाच्या दुपट्ट्याकडे पाहिलं आणि मधला एक बोलले. मी हो म्हटलं.

परतीच्या एसटीत सुलतानपूर येईपर्यंत मामा दुपट्ट्याची घडी घालत आणि मोडत होता. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "चारचौघात बोलली तू." घरी आल्यावर बाबांना आकडा सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, "कामाच्या आधीच सांगतला त्याईनं?"

"हाव, बाबा."

आता बैलबाजार ओसरलाय आणि मामाच्या बोटांना मुंग्या येतात. तरी देऊळगाव राजाला माझ्या खोलीवर आला की दुपट्टा पसरतो, यंदा पगार किती वाढला म्हणून. मी बोटं दाबते. त्याला नीट कळत नाही. तोंडानं सांगू का म्हटलं, तर नाही म्हणून मान हलवतो, आणि मी पुन्हा, सावकाश दाबते.

परवा आमच्या ऑफिसात एक जागा निघाली. जाहिरात मी लिहिली. पगाराचा आकडा पहिल्याच ओळीत आहे.