नऊ किलो, आतून

प्रेशर गेजचा काटा नऊ किलोवर गेला, अर्धा तास तिथून हलला नाही, आणि मी रिपोर्टवर सही केली. शेडमधल्या वेल्डरांनी टाळ्या वाजवल्या. संदेशने पेढ्यांचा बॉक्स फिरवला. मी दोन उचलले, कारण एका पेढ्यावर माझं कधी भागत नाही.

संदेश म्हात्रे तुर्भ्याच्या एमआयडीसीत वडिलांचं फॅब्रिकेशन वर्कशॉप चालवतो. बॉयलर, टाक्या, केमिकलवाल्यांचे रिअ‍ॅक्टर. या वेळी त्याने पाणबुडी बनवली होती. छोटी, खासगी, चार माणसांची. लांबच्या एका बेटावरच्या रिसॉर्टला ती हवी होती. पर्यटकांना साठ मीटर खोल न्यायचं, समुद्राचा तळ दाखवायचा आणि फोटो काढून वर आणायचं, असा बेत होता. पुढच्या महिन्यात बुकिंग सुरू होणार होतं.

मी थर्ड-पार्टी इन्स्पेक्टर. म्हणजे बनवणाऱ्याचाही नाही आणि विकत घेणाऱ्याचाही नाही असा माणूस. तपासायचं आणि पटलं तरच सही करायची. रिटायर होऊन सानपाड्याला घरी बसलो होतो. सोसायटीच्या मीटिंगा आणि गुडघ्याचे व्यायाम एवढाच उद्योग उरला होता. पण संदेशचा फोन आला तेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्याचे वडील दामूमामा माझे गुरू.

मामा शिरवण्याचे. भातशेती शहराच्या पोटात गेली तेव्हा त्यांनी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला. मी ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा ते फोरमन होते. मी साताऱ्याकडून आलेला, खिशात डिप्लोमा आणि डोक्यात हवा. पहिल्याच दिवशी लोकांना दिसावा म्हणून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर शर्टाच्या खिशात खोचला होता. मामांनी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि माझा हात धरून एका टाकीवर ठेवला. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. कुठे फुगलंय, कुठे बसलंय, ते आधी हाताला कळलं पाहिजे. माप नंतर.

महिनाभर मी आंधळ्यासारखा टाक्या चाचपत फिरलो. दुपारी मामा त्यांच्या डब्यातला सुका जवळा माझ्या भाकरीवर वाढायचे. आमच्याकडे मासळी म्हणजे वर्षातून एखाद वेळेची गोष्ट; पहिल्या दिवशी वासानेच मला कसंतरी झालं. आठवड्याभरात मी स्वतःहून हात पुढे करायला लागलो. शेडमध्ये जळलेल्या इलेक्ट्रोडचा वास, घामाने पाठीला चिकटलेले शर्ट, चहाच्या वेळी एकमेकांची काढलेली उणीदुणी. मला त्या दिवसांची फार आठवण येते. पगार बेताचा होता, पण चुकलो तर कान धरणारं कुणीतरी होतं.

तर आमची हायड्रो टेस्ट. भांड्यात पाणी भरायचं आणि पंपाने दाब वाढवत न्यायचा. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक किलो दाब वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एका किलोचं वजन. साठ मीटरला सहा किलो. आम्ही दीडपट घेतला, नऊ. मी आयुष्यभर बॉयलर आणि टाक्या अशाच पास केल्या होत्या. कुठे थेंब गळला नाही, की गंगेत घोडं न्हालं.

पेढे संपत आले तेव्हा संदेश मोठ्याने म्हणाला, "पहिल्या डाइव्हला बाबा जाणार. पुढची सीट, मोठ्या खिडकीसमोर. जन्मभर त्यांनी दर्या वरूनच बघितलाय."

मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ऐंशीला टेकलेले, मोतीबिंदूने नजर अधू. ते हसले, काठी खुर्चीला टेकवली आणि पाणबुडीपाशी गेले. डोळे मिटून त्यांनी तळवा शेलवर ठेवला. शेल म्हणजे भांड्याची गोल भिंत. हळूहळू ते बाजूने सरकत गेले. हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या दाराच्या, जरा पुढे त्यांचा हात थांबला. मागे आला. पुन्हा तिथेच थांबला.

"कदम, हिथं बसलाय," ते मला म्हणाले.

"मामा, नऊ किलो झेललंय तिने. आत्ताच."

"पानी कुठं भरलास?"

"आत."

"नी दर्या कुठं हाय?"

माझ्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला.

सोपी गोष्ट आहे. आतून दाब दिला की भांडं फुगतं आणि फुगताना आपोआप गोल होतं. कुठे थोडं चपटं असलं तरी आतलं पाणी त्याला बाहेर ढकलून सावरून घेतं. बाहेरून दाब आला की उलटं. जिथे चपटं आहे तिथेच ते आणखी बसतं, आणि एकदा बसायला लागलं की थांबत नाही. टाकीला आतला दाब सोसायचा असतो, पाणबुडीला बाहेरचा. बॉयलरच्या सवयीने मी पाणबुडी पास केली होती. टेस्टच्या वेळी खिडक्यांच्या जागी लोखंडी झाकणं लावली होती, कारण आतल्या दाबाने त्या काचा बाहेर उडाल्या असत्या. ती झाकणं समोर दिसत असूनही माझी ट्यूब पेटली नाही.

शिवाय हे मला माहीत नव्हतं असंही नाही. ट्रेनी असताना एका टँकरला आतून वाफेने धुऊन कुणीतरी झाकण बंद केलं होतं. वाफ थंड झाली, आत पोकळी झाली, आणि बाहेरच्या नुसत्या हवेने तो टँकर आमच्या डोळ्यांदेखत चेपला. तेव्हा मामांनी आम्हा सगळ्यांना त्याच्याभोवती उभं करून हे सगळं समजावलं होतं.

मी टेम्पलेट मागवलं. टेम्पलेट म्हणजे बरोबर गोलाईत कापलेली पट्टी, शेलवर टेकवून फट बघायची. ड्रॉइंगप्रमाणे चार मिलिमीटर चालत होते. तिथे बारा भरले. गोलाईचं माप घेतलं होतं ते हॅचभोवतीची लोखंडी रिंग वेल्ड करण्याआधी. वेल्डिंगच्या उष्णतेने नंतर पत्रा ओढला गेला. पुन्हा मोजायला मी सांगितलं नाही, कारण हायड्रो होणारच होती.

मला मामांकडे बघवेना. चाळीस वर्षांची कमाई एका दुपारी धुऊन निघाल्यासारखं वाटलं.

"संदेश, तो रिपोर्ट परत दे," मी म्हणालो.

तो मला ऑफिसमध्ये घेऊन गेला आणि दार लावलं. "काका, तुम्ही सही केलीय. स्कॅन करून रिसॉर्टला मेल पण गेलाय."

"मग दुसरा मेल टाक. रिपोर्ट रद्द."

"आठ मिलिमीटर जास्तीसाठी? डिझाइनमध्ये मार्जिन असतंच ना."

"असेल. नसलं तर?"

"तुम्ही उगाच टेन्शन घेताय. बाबांचं वय झालंय, त्यांना हाताला काय लागलं नि तुम्ही..."

"त्यांच्या हाताला लागलं ते टेम्पलेटने दाखवलं. तुझ्यासमोर."

त्याचा आवाज चढला. "मी दुसरा इन्स्पेक्टर आणतो. तुमचीच सही बघून तो पण करेल."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. अशा पाणबुडीत बसणारा पर्यटक लाइफ जॅकेट बघतो, खिडकी बघतो, फार तर सर्टिफिकेट कुठे लावलंय ते बघतो. त्या सर्टिफिकेटमागे कोण काय विसरलं, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

दार ढकलून मामा आत आले. त्यांना बाहेर सगळं ऐकू गेलं होतं.

"पुढं मीच बसनार हाय ना?" ते संदेशला म्हणाले.

"हो, बाबा."

"मंग मना इचार. पयला भायेरून दाब तिला. रिकामी दाब. टिकली त बसतो."

संदेशने लॅपटॉप उघडला आणि रिसॉर्टला दुसरा मेल टाकला.

बाहेरून दाबायचं तर पाणबुडी मावेल एवढं दुसरं भांडं हवं. रबाळ्याच्या एका रबर कारखान्यात जुना ऑटोक्लेव्ह पडून होता. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठ्या दाराचा भलामोठा कुकर समजा. पाणबुडीला खऱ्या खिडक्या बसवल्या. आत माणसं नाहीत तर ती पाण्यात वर येणार, म्हणून चारही सीटवर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या बांधल्या. संदेशने त्या स्वतःच्या हाताने बांधल्या. ऑटोक्लेव्हमध्ये पाणी भरलं, दार बंद केलं. गेजची नळी लांबवून भिंतीपलीकडे आणली आणि सगळे तिथे जमलो. मामांना खुर्ची दिली.

पंप सुरू झाला. दोन किलो. तीन. प्रत्येक किलोला दहा मिनिटं थांबत होतो. चारला संदेशने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटत होतं की ती टिकतेय, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मी घाबरट ठरलो असतो तर मला आनंद झाला असता. पाच. पुढे अर्धा.

आवाज फार मोठा नव्हता. जमिनीतून एक धक्का आला आणि काटा शून्यावर पडला. साडेपाच किलो. म्हणजे पंचावन्न मीटर. तळ दिसायच्या आधीच.

पाणी काढून दार उघडायला तास लागला. हॅचच्या पुढे, मामांचा हात थांबला होता तिथून, शेल आत घुसलं होतं आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकलं होतं. पुढच्या सीटवरची गोणी फाटून वाळू सगळीकडे पसरली होती. संदेश तिथेच ओल्या फरशीवर बसला.

मामांनी हात लावून बघितलं आणि मुलाशेजारी येऊन उभे राहिले.

"फुडली गोनी माजी व्हती," एवढंच म्हणाले.

संदेशने नवं शेल बनवलं. आतून आधाराला जास्त रिंगा, सगळं वेल्डिंग झाल्यावर माप, आणि बाहेरून नऊ किलो. रिसॉर्टवाले वैतागले, त्यांचा सीझन गेला. नंतर तेही गप्प झाले, कारण त्या चेपलेल्या शेलचा फोटो संदेशनेच त्यांना पाठवला. मामा मात्र कधी खाली गेले नाहीत. नातवंडांनी आग्रह केला तर म्हणतात, दर्या वरूनच बरा दिसतो.

माझा पहिला रिपोर्ट मी रीतसर रद्द केला. फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. तिथे "तांत्रिक कारणास्तव" लिहायची पद्धत आहे, मीही आयुष्यभर तेच लिहीत आलो होतो. या वेळी "इन्स्पेक्टरची चूक" असं लिहिलं आणि खाली सही केली. असं लिहायला फार मोठं धैर्य लागतं अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात एक पेन लागतं, आणि माणसं अजून पाण्याबाहेर असावी लागतात.