हवालदारणीचा हॉल

हवालदारीण गुडघ्यांवर बसून हॉलच्या जमिनीच्या फळ्यांना मेण घासत होती, तेवढ्यात दोन माणसं बुटांसकट आत आली. एक पालिकेचा साहेब, दुसरा हातात टेप घेतलेला.

“बूट बाहेर,” ती मान वर न करताच म्हणाली.

“मोजमापाला आलोय मावशी, पाहुणचाराला नाही.”

“पाहुणचार मिळणारही नाही. बूट बाहेर.”

टेपवाल्याने मुकाट्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. कोपऱ्यात बॉक्सिंगचा सराव करणाऱ्या पोरी फिसकन हसल्या.

ही काही खरी हवालदार नव्हे. पलटण इथे होती तेव्हा ही मागच्या भटारखान्यात भांडी घासायची. हॉलमध्ये बायकांना मज्जाव, म्हणून खिडकीतून बघायची. एवढा लांबरुंद हॉल, मधे एक खांब नाही, आणि नवे शिपाई टाचा आपटतायत, धाड धाड. त्या टाचांचे खळगे फळ्यांवर अजून आहेत. मग पलटण उठली. पुराच्या साली खालची अख्खी वस्ती इथे येऊन राहिली. त्यानंतर पोरींनी हातमोजे चढवले. इतकं सगळं झालं, पण दर वेळी दार उघडणारी हीच. तिचा आवाज ऐकून गल्लीने तिला हवालदारीण केलं. तिला कुणी वाकडं बोललं तर गाठ गल्लीशी.

साहेब म्हणाला, “हॉल एका व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायचं ठरलंय. फळ्या उखडून सिमेंट ओतायचंय. किल्ली द्या.”

पोरींचं हसू विरलं. दुसरी जागा होती कुठे त्यांना? घरात दोरीवर उड्या मारल्या की खालचा घरमालक बोंबलत वर यायचा.

हवालदारीण उठली, गुडघे कटकन वाजले. किल्ली तिने कनवटीला खोचली.

“नाही देत.”

“हॉल काय तुमच्या बापाचा आहे?”

“तुमच्या बापाचा आहे का? नाही ना? मग आपण दोघं सारखेच.”

“तुम्हाला इथे नेमलं कुणी, ते सांगा.”

तिने कनवटीची किल्ली चाचपली. “पलटण गेली तेव्हा या दारात मी उभी होते. तुम्ही कुठे होता, पाळण्यात? जा, विचारा फौजेला.”

“साहेब, फौजेचं लचांड नको,” टेपवाला पुटपुटला.

“विचारतोच,” साहेब म्हणाला. “आणि पोलीस घेऊन येतो.”

“या की. त्यांनाही बूट काढायला लावीन.”

फौजेला विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं. वरच्याने खालच्याकडे टोलवलं, खालच्याने परत वरच्याकडे. शेवटी गोदामवाल्याचाच धीर सुटला, त्याने नदीपलीकडे शेड घेतली. पोरी आजही त्याच फळ्यांवर ठोसे मारतायत. साहेब काही पुन्हा फिरकला नाही.

हवालदारीण गेल्यावर तिच्या बहिणीने सांगितलं, तेव्हा कुठे गल्लीला कळलं. तिला कुणीच नेमलं नव्हतं, किल्लीही कुणी दिली नव्हती. पलटण गेली ती दारं सताड उघडी टाकून, दिवे आणि खुंट्यासुद्धा उपटून. चोरांनी फळ्या न्यायला सुरुवात केली, तशी ही आपल्या घराचं कुलूप काढून घेऊन आली आणि हॉलला लावून टाकलं. घराला मग शेवटपर्यंत नुसती कडीच होती.