यादीतला कायतान

आमच्या वाड्यावरचा कायतान फेर्राव स्कूटरी दुरुस्त करायचा आणि सरकारला शिव्या द्यायचा. वीज गेली की पहिली शिवी खात्याला, दुसरी मंत्र्याला आणि तिसरी सबंध देशाला. मतदानाच्या दिवशी मात्र रांगेत पहिला हाच. "मत दिलं की पाच वर्षं शिव्या द्यायचा परवाना मिळतो, पुंडलीक," म्हणायचा. "मत न देता बोलणारे सगळे फुकटे."

मग दोन मुलींची शिक्षणं आली. बापाचा जन्म गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीतला, म्हणून याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळण्यासारखा होता. अर्ध्या वाड्याने घेतला होता, यानेही घेतला. त्याबरोबर इथलं नागरिकत्व गेलं, पण विमान गाठायच्या गडबडीत तिकडे कोण बघतो? नऊ वर्षं त्याने इंग्लंडातल्या एका थंडगार गोदामात भाजीचे डबे भरले. गुडघे गेले तेव्हा परत आला.

आला तो गप्प होऊन. वीज गेली तर मुकाट्याने मेणबत्ती लावी. खड्ड्यात आपटला तर खड्ड्याचीच माफी मागेल असा चेहरा. आम्हाला करमेना.

"अरे, एखादी तरी शिवी दे," मी म्हटलं.

"पाहुणा आहे मी आता. पाहुण्यानं काय बोलायचं?"

यंदा मतदानाला मी शाळेबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या लिहायला बसलो होतो. यादी चाळताना हाताखाली आला फेर्राव कायतान. फोटोसकट. इतक्या वर्षांत त्याला यादीतून काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तो समोरून पाव घेऊन चालला होता. हाक मारून दाखवलं.

त्याने चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"मी यांना टाकून गेलो," तो हळूच म्हणाला, "आणि यांनी मला जागेवर ठेवलंय."

"कारभार ढिला आहे रे."

"ढिला आहे म्हणूनच."

शेजारच्या टेबलावरची सुलक्षाबाई, शाळेतली मास्तरीण, हसत म्हणाली, "कायतानबाब, जुनं कार्ड असेलच घरी. या घेऊन, लावा बोटाला शाई. कोण विचारतंय?"

तो खरंच कार्ड घेऊन आला आणि रांगेत उभा राहिला. मी टेबल सोडून बघत राहिलो. पुढे पाच माणसं, मग तीन, मग दाराशी एक. तिथे पोचल्यावर तो बाजूला झाला आणि मागच्या म्हातारीला म्हणाला, "तुम्ही जा, माय."

टेबलाशी येऊन तो पाव कुरतडत बसला.

"आईचं पोट फाडून गाठ काढली, आठवतं?" तो म्हणाला. "सरकारी इस्पितळात. एक पैसा नाही घेतला. आणि मी डॉक्टरशी भांडलो, पंखा का चालत नाही म्हणून. साधं 'देव बरें करूं', थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. आता निदान खोटं मत तरी देत नाही. नाव कमी करायचा कागद असतो ना? तो भरू."

सोमवारी तालुक्याला गेलो. कारकून चहाला गेलेला. दीड तासाने आला आणि चक्रावला. "लोक नाव घालायला भांडतात. स्वतःचं नाव काढायला आलेले तुम्ही पहिलेच." अर्जावर कारणं छापलेली होती. कायतानने पहिल्यावर बोट ठेवलं. मयत.

"यावर खूण कर, पुंडलीक. मला वाचायला कमी त्रास होईल."

"गाढवासारखं बोलू नकोस," मी म्हटलं, आणि खालच्या, भारताचा नागरिक नाही, या ओळीवर खूण केली. त्याने ती ओळ दोनदा वाचली. सही मात्र अशी सावकाश, वळणदार केली, की मुलीच्या लग्नाच्या रजिस्टरवरही केली नसेल.

कारकुनाने शिक्का मारला आणि सवयीने म्हणाला, "झालं काम. आता पुढच्या निवडणुकीला काही अडचण येणार नाही."

"देव बरें करूं," कायतान म्हणाला, आणि गुडघा धरून जिना उतरू लागला.