मास्तरांचा मागचा दिवा

बळीराम मास्तरांना ठेच लागली की ते पायाकडे बघत नसत, आजूबाजूला बघत. दगड कोणी ठेवला ते शोधायला. चहा सांडला तर कप देणाऱ्याचा हात हललेला असे. पोरगं नापास झालं तर त्याचा बाप घरी टीव्ही लावून बसलेला असे. "चुकीले मालक असते, बाबू," ते म्हणत, "पाह्यला तं सापडतेच." आणि एकदा सापडला की त्याला चारचौघांत उभा करून सोलत. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे रिसोडला त्यांच्याच शाळेत शिक्षक झालो, आणि घरही नेमकं त्यांच्या शेजारी घेतलं. म्हणजे सोलायला कायम हाताशी.

तरी माणूस कंजूष नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. बसस्टँडमागे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणाऱ्या रफिकभाईंच्या मुलीला त्यांनी रोज संध्याकाळी घरी बसवून गणित शिकवलं, फुकट. ती नर्स झाली. तेव्हापासून मास्तर दिसले की रफिकभाई स्टुलावरून उठून उभे राहत. मास्तर त्यांना कधी बस म्हणाले नाहीत.

मास्तरांच्या जुन्या मोटारसायकलचा मागचा दिवा लहर येईल तसा लागायचा. एकदा शिरपूरला जाताना मी मागे बसलो होतो. रफिकभाईंनी हात करून गाडी थांबवली, वाकून पाहिलं.

"मास्तर, वायर सडली हाय. ठेवून जा, पूरी बदलून देतो."

"राहू दे रे. चालून राह्यली ना?"

रफिकभाईंनी दिव्यावर दोन थापा मारल्या. तो लागला आणि आम्ही निघालो.

परतताना अंधार पडला आणि नाक्यावर पोलिसानं अडवलं. मागचा दिवा बंद. त्यानं फोटो काढला, चलान मोबाइलवर आलं. मी म्हणालो, भरून टाका. मास्तर माझ्यावरच उखडले. "पैशाचा सवाल नाई. उभ्या नोकरीत एक मेमो नाई मले. हा डाग कायले लावून घेऊ?"

त्यांनी चलान भरलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. फोटोत दिवा बंद होता, तेव्हा नाकारायची सोय नव्हती. चुकीला मालक शोधणं भाग होतं. तारखेच्या आदल्या दिवशी मला घेऊन ते रफिकभाईंच्या दुकानात गेले.

"कोर्टात सांग, दिवा त्याच दिवशी तू दुरुस्त केला होता."

"पन मास्तर, मी तं वायर बदला म्हनलं होतं."

"ते मले मालूम हाय. कोर्टाले नाई. तुले थोडीच दंड होनार हाय?"

मी म्हणालो, "मास्तर, हे बरं नाही." ते म्हणाले, "तुले कोनं इचारलं?" रफिकभाईंना मुलगी आठवली असणार. त्यांनी होकाराची मान हलवली.

कोर्टात मास्तरांनी वकील केला नाही. "साहेब, मागचा दिवा मागं असते. चालवणाऱ्याले दिसते काय?" सगळे हसले. मग रफिकभाई उभे राहिले. "जोड मीच देला होता, साहेब. ढिला राह्यला. गलती माझी." साहेबांनी मास्तरांना समज देऊन सोडलं आणि रफिकभाईंना सुनावलं, "लोकांचे जीव तुमच्या कामावर असतात. नीट करत जा." मास्तर वळले आणि ढ पोराकडे बघून हलवायचे तशी मान त्यांनी रफिकभाईंकडे बघून हलवली. ते नाटक नव्हतं. तोवर त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं.

हा विजय त्यांनी टपरीटपरीवर सांगितला, रफिकभाईंच्या नावासकट. रिसोड ते केवढं! कोणाचा दिवा बंद दिसला की पोरं ओरडत, "काहून, रफिकभाईनं लावला काय?" थट्टाच ती, पण गाड्या दुसऱ्या दुकानात जायला लागल्या. सगळ्यांत आधी गेली मास्तरांची. मी जाब विचारला तर म्हणाले, "कोर्टात कबूल केलं, बाबू, त्यानं. आता त्याच्या हाती गाडी कशी देऊ?" नव्या मिस्त्रीनंही वायर बदला म्हटलं. त्यालाही त्यांनी बदलू दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात मेडशीहून येताना, दिवस मावळल्यावर, त्यांना मागून ट्रकनं उडवलं. ट्रकवाला म्हणाला, पुढे गाडी आहे हे दिसलंच नाही, मागे दिवाच नव्हता.

मोक्षधामात कुजबुज सुरू झाली. "शेवटी त्या रफिक मिस्त्रीनंच खाल्लं मास्तरले." कोर्टापासून रफिकभाईंनी त्या गाडीला बोटही लावलं नव्हतं. मी हे मोठ्यानं सांगितलं, शिरपूरला जातानाचं बोलणंही सांगितलं. सरणासमोर गुरूची निंदा करतो म्हणून दोघांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो, अजून रागावलेलाच आहे.

रफिकभाई भिंतीपाशी एकटे उभे होते. मास्तरांचा मुलगा रडत त्यांच्यासमोर गेला. "काका, तुमी तं कोर्टात कबूल केलं होतं. मंग तवाच नीट काहून नाई केलं?"

रफिकभाईंनी सरणाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग कोर्टात म्हणाले होते तेच पुन्हा म्हणाले, "गलती माझी, बेटा."

मुलाचं समाधान झालं. बापाचंही झालं असतं.