छापलेलं बाळ

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षराची सावली नेहमी उजवीकडे, खालच्या अंगाला. उजेड कुठून येतो, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही कधी सुचलं नाही. फ्लेक्स आले, काम आटलं, तेव्हा मुलीनं त्यांना तैलचित्रांच्या वर्गात घातलं.

बाईंनी त्यांना एक जुनं धार्मिक चित्र नकलायला दिलं. आईच्या मांडीवर देवबाळ, उजवीकडे म्हाताऱ्याच्या हातात मेणबत्ती, बाकी सगळा काळोख.

"काका, मेणबत्ती उजवीकडे आणि तुमची सावलीही उजवीकडेच?" बाईंनी हळूच विचारलं.

काकांचे कान तापले. शेजारी बसलेल्या पोरी हसल्या नाहीत, उलट सांभाळून घेऊ लागल्या. तेच जास्त झोंबलं. तीन आठवडे पुसापुशी करूनही बाळ लाटल्यासारखं सपाटच.

शेवटी त्यांनी नको ते केलं. ज्या फ्लेक्सवाल्यानं त्यांचा धंदा बुडवला, त्याच्याच दुकानात जाऊन चित्र कॅनव्हासवर फिकट छापून घेतलं आणि घरी त्यावर रंग चढवला.

वर्गात सगळे बघतच राहिले. मुलगी मुद्दाम आली होती. "हात बघा आमच्या बाबांचा," ती पोरींना म्हणाली. बाईंनी कॅनव्हास कौतुकानं खिडकीशी धरला आणि गालावर, जिथे रंग पातळ होता तिथे, छपाईचे बारीक ठिपके दिसले. बाईंनी काकांकडे एकदाच पाहिलं. "वाळू दे अजून," म्हणत त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी ते मुलीसोबत जेवायला बसले.

"छापलेलं आहे ते," ते ताटाकडे बघत म्हणाले.

"मला कशाला मिरवू दिलंत, बाबा?" एवढंच मुलीनं विचारलं.

पुढच्या वर्गाला त्यांनी पोरींसमोर उभं राहून सगळं सांगितलं. बाईंनी खिडकी लावून घेतली, एक मेणबत्ती पेटवली आणि तिच्यापुढे एक बटाटा ठेवला. "बसा. आधी हा."

बटाटे झाले, वाटी झाली, उशी झाली. वर्षभरानं कोऱ्या कॅनव्हासवर बाळाचा गाल गोल झाला, तेव्हा मुलीनं ते चित्र बाहेरच्या खोलीत लावलं. पण कुणी पाहुणा त्यापुढे थांबून "वा" म्हणाला, की काका अजूनही पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून जातात.