चष्मेवाल्या काकांचं कोलेस्टेरॉल

सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले काका म्हणायची. दुकान खाली, खोली वर, आणि काकू गेल्यापासून दोन्हीकडे काका एकटेच. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ते मान तिरकी करून विचारायचे, "आता बरं, की आता? खरंच दिसतंय, की नुसतं अंदाजपंचे?" दिवसभरातलं त्यांचं बोलणं म्हणजे एवढंच.

त्यांची बायपास झाली तेव्हा लेक लांबून रजा काढून आली. छातीवरची शिवण बघून रडली, मग मिठावरून भांडली, मग चादरी धुवायला काढल्या. घरभर तिचाच आवाज. काका वरवर कण्हायचे आणि आतून एकदम खूश!

पहिल्या तपासणीला रक्ताचा रिपोर्ट आला. हृदयाचे डॉक्टर सगळं दोनदा म्हणायचे. "छान, छान! कोलेस्टेरॉल बरंच उतरलंय. पण हुरळून जायचं नाही, अजिबात नाही. ऑपरेशनमध्ये रक्त पातळ होतं, शरीराला दणका बसतो, म्हणून चरबीचे आकडे काही आठवडे खाली राहतात. मग आपोआप वर येतात. खरं चित्र दोनेक महिन्यांनी. तोवर गोळी चालू, चालूच!"

"चला," लेक म्हणाली, "जखम भरली, रिपोर्टही बरा. आता मी निघते हं बाबा."

कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून तोंड उतरलेला जगातला हा बहुधा पहिलाच पेशंट.

ती गेली. काका दुकानात काचा पुसत बसले आणि पुसता पुसता त्यांच्या डोक्यात धंद्याचं गणित शिरलं. एकदा चष्मा नेला की माणूस वर्षानुवर्षं फिरकत नाही. नंबर वाढला की मात्र मुकाट्यानं परत येतो. मग आपला आकडा वाढला की लेकही येणारच! वाढेल असं डॉक्टरच म्हणालेत. मध्ये अडथळा काय तो गोळीचा. मग गोळी पाकिटातच राहू लागली.

दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या भुवया कपाळात गेल्या. "एवढं? एवढं? ऑपरेशनच्या आधी होतं तिथंच! गोळी घेताय ना?"

"घेतो की," काका म्हणाले आणि दवाखान्याच्या पायरीवरूनच लेकीला फोन लावला.

"अगं, वाढलं!"

"काय वाढलं?"

"कोलेस्टेरॉल! चांगलंच वाढलंय."

"बाबा, लॉटरी लागल्यासारखं काय सांगताय?"

"येतेस ना मग?"

पलीकडे तिला कुणीतरी हाक मारत होतं. "थोडं वाढणार हे डॉक्टर म्हणालेच होते. पण इतकं? घरी गेलात की व्हिडिओ कॉल करा. गोळ्या दाखवा मला."

काकांनी दाखवल्या. न फोडलेली पाकिटं, एकावर एक. लेक उसळली, "नव्या जोडलेल्या नसाही बुजल्या असत्या तर?" आणि मध्येच तिला रडू फुटलं. "मी यावंसं वाटत होतं तर सरळ बोलवायचं ना हो!"

"बोलावलं असतं तर आली असतीस?"

"आजपासून गोळी माझ्यासमोर घ्यायची," ती म्हणाली.

तिला यायला अजून जमलेलं नाही. पण रोज जेवण झालं की ती व्हिडिओ कॉल करते आणि गोळी गिळून पेला खाली ठेवेपर्यंत बघत राहते. गोळी मुगाएवढी. काका पेला मात्र काठोकाठ भरून घेतात.

"बाबा, एवढ्याशा गोळीला केवढं पाणी?"

"अडकते गं घशात," काका म्हणतात आणि आणखी एक बारीकसा घोट घेतात.